शेठच्या बोटीचे ड्रोनवाले मामू

पनवेलमध्ये मान वर करून चालणारी माणसं पुष्कळ आहेत. कुणाच्या जमिनीला भाव आला आहे, कुणाचा मुलगा कॅनडात स्थिरावला आहे, कुणी नुसताच सोसायटीचा चेअरमन झाला आहे. पण मनात गर्वाचा कण नसताना, जेवणाची आणि झोपेची वेळ सोडून सदासर्वकाळ मान वर करून चालणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे मामू. माझ्या चष्म्याच्या दुकानाला लागून एक बेकरी आहे. ती चालवणारा माझा शाळासोबती, आणि मामू हे त्याच्या आईचे सख्खे भाऊ. तो मामू म्हणायचा म्हणून मी म्हणू लागलो, मग आमची गल्ली म्हणू लागली, आणि शेवटी भाजीवालीपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचेच ते मामू झाले. त्यांनीही हिशेब साधा ठेवला. पुरुष दिसला की भांजे आणि बाई दिसली की बेटी. आभाळाकडे बघत चालण्यामुळे त्यांनी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक खांबाला कधी ना कधी धडक दिली होती, आणि प्रत्येक वेळी खांबाची "माफ करा" म्हणून क्षमा मागितली होती. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि काही दिवस खाली बघून चाला असं सांगितलं. मामू दोन दिवस खाली बघून चालले आणि तिसऱ्या दिवशी गच्चीवर खाट टाकून उताणे झोपले. "खाली बघून काय दिसतं, भांजे? गटाराची झाकणं. ती पण नीट बसवलेली नायत."

या वर बघण्याला कारण होतं. मामूंची सगळी उमर आखातात गेली. तिथल्या एका शेखच्या बोटीवर ते लाद्या पुसायला लागले. पुढे शेखची बोट मोठी होत गेली आणि बोटीबरोबर मामूही मोठे झाले. मामूंच्या सांगण्याप्रमाणे ती बोट पनवेलच्या एसटी स्टँडपेक्षा मोठी होती आणि तिच्यात स्टँडपेक्षा कमी गर्दी होती, एवढाच काय तो फरक. श्रीमंतांच्या अशा बोटीला यॉट म्हणतात, पण मामूंच्या तोंडून मी तो शब्द कधी ऐकला नाही. बोट म्हणजे बोट. तर या बोटीवरच्या माणसांचे फोटो चोरून काढायला पूर्वी लोक दुसऱ्या बोटीतून यायचे, ते पुढे आभाळातून येऊ लागले. ड्रोन निघाले. शेखनं बोटीवरच्या सगळ्या माणसांत ज्याची नजर सर्वांत लांबची होती त्याला, म्हणजे मामूंना, बोलावून सांगितलं की आजपासून तू लाद्या पुसायच्या नाहीत, आभाळ राखायचं.

मामूंनी ही हकीकत पहिल्यांदा सांगितली तेव्हा गल्लीतल्या निम्म्या लोकांना वाटलं की यांच्याकडे मोठी बंदूक असणार. बेकरीवाल्यानं तर "एकूण किती पाडले?" असंच विचारलं. मामूंना हा प्रश्न आवडला नाही. "पाडायचा नाय! पाडला की तो कुणाच्या तरी टकुऱ्यात पडतो. सिग्नल तोडायचा म्हणशील तर सरकारची परवानगी लागते, आणि तो तुटला की आपला रेडिओ पण मुका. आमचं काम एवढंच, तो येतोय हे टायमात कळलं पाहिजे. कळलं की छत्र्या उघडायच्या."

"छत्र्या?" मी विचारलं. इतक्या मोठ्या बोटीचं इतकं मोठं संरक्षण शेवटी छत्रीवर येऊन थांबावं, याचं मला वाईट वाटलं होतं.

"मोठ्या छत्र्या," मामू म्हणाले, जणू त्यानं माझं समाधान व्हावं. आणि मग त्यांनी शेखचं गुपित सांगितलं. शेखला आंबा चोखायला आवडायचं. कापून नाही, काट्यानं नाही. बनियन घालून, मांडी ठोकून, कोपरापर्यंत रस ओघळू देत. किनाऱ्यावर त्याच्यासमोर माणसं वाकून उभी राहायची, त्यामुळे तिथं ते जमत नसे. मग तो बोट समुद्रात आत नेऊन आंबे खायचा आणि मामू छत्री घेऊन उभे राहायचे. "एवढं सगळं असून माणसाला आंबा चोखता येत नसेल तर त्याच्यासारखा गरीब कोण नाय," मामू म्हणाले. "मी त्याची बोट नाय राखली, भांजे. त्याचा आंबा राखला."

असा माणूस नोकरी संपवून पनवेलला परत आला, तर आभाळ राखायची सवय जाणार कशी? त्यांच्याकडे एक काळी डबी होती. आसपास ड्रोनचा रेडिओ सुरू झाला की ती टुकटुक वाजायची. समुद्रात ती भरवशाची होती म्हणे. पनवेलला आल्यावर तिला वेडच लागलं. शेजारच्याचं वायफाय, वरच्या मजल्यावरचं बाळाचं खेळणं, बेकरीतली भट्टी, सगळ्यांना ती ड्रोन समजू लागली. माझ्या दुकानात गिऱ्हाईक डोळे तपासायला बसलं असताना बाहेरून टुकटुक ऐकू यायची आणि गिऱ्हाईक घाबरून विचारायचं, "माझ्या डोळ्यांत काही निघालं का?" खांदा कॉलनीतल्या एका लग्नात फोटोवाल्यानं नवरानवरीवर ड्रोन सोडला, तर मामूंनी जेवणाच्या रांगेतून धावत जाऊन ऐन मंगलाष्टकांत दोघांच्या डोक्यावर छत्री धरली. भटजींना तो मुलीकडचा काही रिवाज वाटला, म्हणून ते थांबले नाहीत. मुलीकडच्यांना मुलाकडचा वाटला, म्हणून तेही काही बोलले नाहीत. अल्बममधल्या अर्ध्या फोटोंत नुसती छत्री आहे. एकदा मी त्यांना कर्नाळ्याला घेऊन गेलो होतो. जरा बरे पक्षी बघतील, मन रमेल, अशी आशा. तिथं त्यांनी एका घारीवर दुर्बीण लावून तिचा असा पाठपुरावा केला की शेवटी तिथल्या रखवालदारालाच त्यांची शंका आली. "ही घार आहे, चाचा," तो म्हणाला. "आहे ना घार," मामू दुर्बीण न काढता म्हणाले, "पण पाठवलीय कुणी?"

आता आमच्या शेठविषयी सांगायला हवं. शेठ माझ्याच वर्गातला. शाळेत तो शेवटच्या बाकावर बसायचा, आता त्यानं बांधलेल्या इमारतींत आमचे सगळे मास्तर राहतात. मनानं चांगला, पण आपण केलेलं काहीही कुणी पाहिलं नाही तर ते झालंच नाही असं मानणारा. त्यानं एक यॉट घेतली. ती मुंबईला उभी असायची आणि तिचे फोटो पनवेलला आमच्या सगळ्यांच्या मोबाइलवर असायचे. एके दिवशी तो चष्म्याची काडी घट्ट करायला दुकानात आला आणि बाकावर बसलेल्या मामूंची गोष्ट त्यानं ऐकली. त्याचे डोळे चमकले. खऱ्याखुऱ्या शेखचा ड्रोनवाला आपल्या बोटीवर असावा, ही कल्पना त्याला बोटीपेक्षाही आवडली. मुलाखत तिथंच झाली.

"माझ्या बोटीवर ड्रोन आला तर काय कराल, मामू?"

"येऊ देणार नाय."

शेठनं चष्मा नाकावर चढवला. मग काळजीच्या सुरात म्हणाला, "पण समजा, एकही आला नाही तर? एवढी मोठी बोट, आणि बघायला कुणीच आलं नाही, तर लोक काय म्हणतील?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. असा प्रश्न त्यांना आखातात कुणी विचारला नव्हता. तरी नोकरी ठरली. त्या संध्याकाळी मामूंनी आपल्या छत्र्या बाहेर काढून बेकरीसमोर वाळत टाकल्या. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, एकेकीखाली चार माणसं मावतील अशा. बोटीवर कामाला जाणं म्हणजे काय, हे त्या दिवशी मामूंच्या चालण्यात दिसत होतं. वर बघत असूनसुद्धा ते खांब चुकवत होते.

शेठची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, त्या वर्षी मोठ्या आजारातून उठल्या होत्या. उपचारांत डोक्यावरचे केस सगळे गेले. त्यांनी केसांचा टोप करून घेतला होता, आणि तो इतका बेमालूम होता की घराबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. मला कळलं ते चष्म्यामुळे. काडी कानावर बसेना, म्हणून त्या दुकानात आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, हे खरे नाहीयेत. त्या हिशेबानं वाकवा." मामू तेव्हा बाकावरच होते. त्यांनी काही ऐकलं की नाही मला कळलं नाही. पण वहिनींनी टोप काढण्यासाठी हात वर नेला तेव्हा मामू उठून बाहेर गेले होते आणि दुकानाच्या दाराकडे पाठ करून उभे राहिले होते. आत येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "चष्मेवाला जेवतोय." तेव्हा सकाळचे दहाही वाजले नसतील.

मग बोटीच्या पूजेचा दिवस आला. शेठनं सगळे नातेवाईक, होऊ घातलेले व्याही आणि आम्हा वर्गमित्रांना बोलावलं होतं. मुंबईहून निघून बोट अलिबागच्या बाजूला गेली आणि किनारा दिसेल अशा बेतानं तिनं नांगर टाकला. पूजा झाली. नारळ फोडायला दगड नव्हता आणि बोटीच्या कुठल्याही भागावर तो आपटायला शेठ तयार नव्हता, त्यामुळे तो शेवटी स्वयंपाक्यानं आत नेऊन बत्त्यानं फोडला. ऊन चढलं. दिवाणखान्यात, म्हणजे बोटीच्या मधल्या गार खोलीत, भिंतीएवढा टीव्ही होता. सगळे तिकडे सरकले. वहिनींना त्या टोपात असह्य उकडत होतं. मामूंनी त्यांना बोटीच्या अगदी मागच्या टोकाला नेलं. तिथं पाण्याला लागून एक छोटा कट्टा होता, वर थोडं कापडाचं छप्पर. मामू म्हणाले, "बेटी, इथं निवांत बस. खुदा सोडून कुणी बघणार नाय. त्याची जबाबदारी माझी." आणि ते पाठ करून लांब उभे राहिले. वहिनींनी टोप काढून मांडीवर ठेवला. आजारानंतर पहिल्यांदाच उघड्या डोक्याला वारा लागला, असं त्या नंतर माझ्या बायकोला म्हणाल्या.

इकडे दिवाणखान्यात शेठनं टाळ्या वाजवल्या आणि जाहीर केलं की आता सगळ्यांसाठी एक गंमत आहे. बोट चालू झाली. टीव्ही लागला. आणि पडद्यावर आमचीच बोट दिसू लागली, वरून, निळ्या पाण्यात पांढरीशुभ्र, पताका लावलेली. शेठनं स्वतःच भाड्यानं ड्रोन आणला होता. मामूंना अर्थातच सांगितलं नव्हतं. व्याही "वा, वा" म्हणत होते. सगळे उठून खिडक्यांपाशी गेले आणि वर बघून हात हलवू लागले, आणि स्वतःला टीव्हीवर हात हलवताना बघायला पुन्हा आत पळू लागले. ड्रोननं पुढून एक फेरी मारली, मग बाजूनं, आणि तो हळूहळू मागं वळू लागला. मामू वहिनींना मागं नेताना मी पाहिलं होतं. आणखी थोडा वळला असता तर भिंतीएवढ्या टीव्हीवर, व्याह्यांसमोर, वहिनी दिसल्या असत्या.

पडद्यावर लाल-पांढरे पट्टे आले. नुसते पट्टे. पडदाभर छत्री, आणि तिच्या खाली दोन म्हातारी पावलं. ड्रोन उजवीकडे गेला, पावलं उजवीकडे धावली. ड्रोन डावीकडे आला, पावलं डावीकडे. तो खाली उतरला तशी छत्री आडवी झाली. दिवाणखान्यात हशा पिकला. "हा कोण म्हातारा नाचतोय?" कुणीतरी विचारलं. शेठ लालबुंद झाला. आपल्या बोटीच्या चित्रणात मागच्या बाजूला ही काय सर्कस, असा त्याचा चेहरा झाला होता. मी मागच्या दारानं धावलो.

मागं मामू घामानं निथळत होते. "आलास? पकड ही," ते म्हणाले आणि छत्रीचा दांडा माझ्या हातात दिला. "तो जिकडं, तू तिकडं. वर नको बघू, त्याची सावली बघ." मी आयुष्यात कधी इतकं मन लावून कवायत केलेली नाही. छत्रीखालून आवाज येत होता. मला वाटलं वहिनी रडताहेत. वाकून पाहिलं तर त्या हसत होत्या. पदर तोंडाशी धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "भाऊजी, तुम्ही मामूंपेक्षा वाईट नाचता," त्या म्हणाल्या.

मामूंनी तोपर्यंत दुर्बीण काढून किनारा बघितला, मग लांबची एक मासेमारीची होडी बघितली. ड्रोन उडवणारा माणूस कुठंतरी खालीच असतो, हे त्यांचं म्हणणं. मग त्यांनी दुर्बीण खाली केली आणि आमच्याच बोटीवर नजर फिरवली. खिडक्यांतून सगळी डोकी वर बघत होती. स्वयंपाकघराच्या दाराशी, रंगवलेल्या दाढीचा एक माणूस मात्र मान खाली घालून मांडीवरच्या यंत्रात बघत होता. मामू त्याच्याशेजारी जाऊन मांडी घालून बसले. मला सगळं ऐकू येत होतं.

"भाऊ, छान उडवतोस. ह्याला घरी बोलवायचं बटन कुठलं?"

त्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आहे. त्यानं बटन दाखवलं. मामूंनी ते दाबलं, आणि दाबून वर हात ठेवून बसले.

ड्रोननं आमचा नाद सोडला. तो उंच गेला, वळला आणि मागच्या बाजूला आज्ञाधारकपणे निघून गेला. दाढीवाला किंचाळला, "अहो काका, हात काढा! घर म्हणजे तो जिथून उडाला ती जागा!"

"मग बरोबर हाय की."

"बोट तिथून निघालीय ना! आता तिथं नुसतं पाणी आहे!"

दिवाणखान्यातल्या मंडळींनी ते सगळं टीव्हीवर पाहिलं. आधी लांबवर निळं पाणी, मग जवळचं हिरवं पाणी, मग लाटांवरचा फेस, मग काहीच नाही. व्याह्यांना शेवट फार कलात्मक वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

शेठ तडक बाहेर आला. इतका चिडलेला मी त्याला शाळेतही पाहिला नव्हता. "मामू, हे काय केलंत? माझा ड्रोन होता तो! माझा स्वतःचा! तुमचं डोकं ठिकाणावर आहे का? उद्यापासून यायचं नाही बोटीवर." पाहुणे त्याच्यामागं गोळा झाले. मामू मान खाली घालून उभे राहिले. मी त्यांना ओळखतो. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. पण ते वाक्य वहिनींचं होतं, म्हणून ते बोलले नाहीत. नुसतं म्हणाले, "चुकी झाली, शेठ. मला वाटलं परका हाय."

तेव्हा माझ्या हातातली छत्री कुणीतरी बाजूला सारली. वहिनी उभ्या राहिल्या होत्या. टोप हातात होता. उघड्या डोक्यानं, उन्हात, सगळ्यांच्या समोर. "छत्रीखाली मी होते," त्या शेठला म्हणाल्या. "मीच म्हटलं होतं त्यांना, कुणी बघायला नको. आता बघितलंत सगळ्यांनी. झालं."

बोटीचं इंजिन तेवढं चालू होतं. शेठचा राग कुठं गेला कोण जाणे. तो नुसता उभा होता, शाळेत प्रश्नाचं उत्तर न आल्यावर उभा राहायचा तसा. मग स्वयंपाक्याला म्हणाला, "पानं वाढा," आणि पाहुण्यांना आत पाठवून स्वतः मागच्या कट्ट्यावर वहिनींच्या शेजारी जाऊन बसला. त्या दुपारी तो पुन्हा पुढं आलाच नाही. व्याह्यांनी ग्रुप फोटोसाठी दोनदा बोलावलं, तरी नाही. दोघांची ताटं मामूंनी मागं नेऊन दिली आणि येताना मधलं दार ओढून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी मामूंना विचारलं, "खरं सांगा, तो पाण्यात जाणार हे तुम्हाला ठाऊक होतं?" मामू छत्री गुंडाळत होते. "ठाऊक होतं, भांजे. आखातात एकदा असाच गेला होता. मला त्याची दया येते बघ. सरळ आपल्या घरी येतो बिचारा. घर मात्र पुढं निघून गेलेलं असतं." आखातातून परत आल्यावर मामूंना पनवेल सापडायला बरेच दिवस लागले होते, हे मला बेकरीवाल्यानं सांगितलेलं होतं.

मामूंची नोकरी गेली नाही, पण बोटच गेली. शेठचं मन तिच्यातून उडालं आणि त्यानं ती विकून टाकली. हल्ली तो आणि वहिनी सकाळी पायी फिरायला जातात. वहिनींना आता बारीक कुरळे केस आले आहेत, आणि चष्म्याच्या काड्या मी पुन्हा सरळ करून दिल्या आहेत. मामूंची दृष्टी मात्र अधू झाली. मी दिलेला कुठलाच नंबर त्यांना पुरेना. मग त्यांची मुलगी येऊन त्यांना महाडच्या पुढं, खाडीकाठच्या आपल्या गावी घेऊन गेली. जाताना त्यांनी गल्लीतल्या सगळ्या भांज्यांना हात केला. निम्मे हात चुकीच्या दिशेला होते.

मध्यंतरी त्यांचा फोन आला. मुलगी चांगली आहे, जावई चांगला आहे, खाडीचा वारा छान आहे, असं सगळं सांगून झालं. मी चेष्टेनं विचारलं, "मग मामू, तिकडं ड्रोनबिन येतात का नाही?"

"कसले रे ड्रोन," मामू म्हणाले. "आभाळ एकदम साफ. सकाळी खाट बाहेर टाकून देतात, संध्याकाळी आत घेतात." मग म्हणाले, "इकडं कुणी बघायलाच येत नाय, भांजे."

मी म्हणालो, "या रविवारी येतो. वहिनींना विचारतो, त्या पण येतील."

तिकडून खाट करकरली. मग त्यांचा आवाज आला, घाईघाईनं, कुठल्याशा कामाला लागल्यासारखा. "पळस्प्याला गोवा हायवेला वळलास की फोन कर. कोळणीला खाडीच्या निवट्या सांगून ठेवतो. आणि बेटी काय खाते काय नाय, ते आजच विचारून घे."